फळा दिसतो का, एवढं विचारून भागत नाही

'म' आणि 'भ' ही दोन अक्षरं शेजारी शेजारी लिहून पाहा. फरक किती? डावीकडची एक छोटी गाठ आणि तिथं तुटलेली डोक्यावरची रेघ. 'घ' आणि 'ध', 'य' आणि 'थ' यांचंही तेच. 'व'च्या पोटात तिरकी रेघ गेली की 'ब' होतो, 'प'च्या पोटात गेली की 'ष'. अनुस्वाराचा ठिपका नजरेतून निसटला तर 'रंग'चा 'रग' होतो. मोठ्या माणसाला यात काही अवघड वाटत नाही, कारण तो सुटी अक्षरं वाचतच नाही. ओळखीचा शब्द अंदाजानं उचलतो. सहा वर्षांच्या मुलाकडं तो अंदाज अजून आलेला नसतो. त्याला प्रत्येक गाठ, प्रत्येक रेघ डोळ्यानंच पकडावी लागते. ती धूसर दिसली की पुस्तकात 'धर' असतं आणि तोंडातून 'घर' निघतं. बाई म्हणतात, याचं लक्ष नाही. पुढच्या खेपेला म्हणतात, घरी कुणी अभ्यास घेत नाही. त्यानंतर काही म्हणत नाहीत, आणि मूल हळूच मागच्या बाकावर सरकतं. तिथून फळा आणखी लांब.

मुलं तक्रार करत नाहीत, हा या विषयातला पहिला पेच. ज्याला कळायला लागल्यापासून झाड म्हणजे नुसता हिरवा ढीग दिसला, त्याला पानं सुटी सुटी दिसायला हवीत हे कुठून कळणार? "फळ्यावरचं दिसतंय का रे?" असं विचारलं की लातूरकडचं पोरगं छातीठोकपणे सांगतं, "दिसायलंय की, सर!" ते खोटं बोलत नसतं. फळा दिसतोच. त्यावर पांढरं काहीतरी लिहिलंय हेही दिसतं. उरलेलं ते शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेतं, आणि वही तपासताना सगळं बरोबर निघतं. तोंडी उत्तरांत हुशार, ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगणारं, पण वाचायला उभं केलं की अडखळणारं मूल प्रत्येक शाळेत एखादं तरी असतं. त्याच्या डोळ्यांकडं शंका सगळ्यात शेवटी जाते.

हे लातूर आणि नांदेडबद्दल लिहिताना थोडी खंत वाटते, कारण मुलांच्या गुणांसाठी इतकं जिवाचं रान करणारा दुसरा मुलूख महाराष्ट्रात शोधावा लागेल. १९७० साली सुरू झालेल्या राजर्षी शाहू महाविद्यालयासारख्या संस्थांतून 'लातूर पॅटर्न' उभा राहिला: जादा तास, सराव परीक्षांवर सराव परीक्षा, चुकलेलं पुन्हा सोडवून घेणं. पुढं बोर्डाच्या गुणवत्ता यादीची जागा 'नीट'नं घेतली. लातूरच्या ट्यूशन एरियात आणि नांदेडच्या क्लासेसच्या गल्ल्यांत बाहेरगावची पोरं खोल्या घेऊन राहू लागली. सोयाबीनचे पैसे हातात आले की घरात पहिला विषय निघतो तो फीचा. हे सगळं मुलाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षी. डोळ्याचं वेळापत्रक मात्र त्याच्या दहा वर्षं आधीचं असतं, आणि ते चुकलं तर पुढं कितीही जादा तास घेतले तरी ती भरपाई पूर्ण होत नाही.

असं का, ते कळायला मुलाच्या नजरेत काय काय बिघडू शकतं ते पाहावं लागेल.

सगळ्यात सरळ मामला उणे नंबरचा. बुबुळापासून मागच्या पडद्यापर्यंतचं अंतर थोडं जास्त झालं की लांबच्या वस्तूचं चित्र पडद्याच्या अलीकडंच उमटतं. जवळचं स्वच्छ, लांबचं धूसर. असं मूल डोळे बारीक करतं, टीव्हीला नाक लावून बसतं, चेंडू उशिरा पकडतं. ते आज ना उद्या कुणाच्या तरी लक्षात येतंच. दृष्टी मोजण्याची ६/६ ही भाषा मुख्यतः या मुलांना पकडण्यासाठीच उपयोगाची: सहा मीटरवरून जे अक्षर वाचता यायला हवं ते सहा मीटरवरून आलं तर ६/६. आणि निरोगी डोळा जे साठ मीटरवरून वाचेल ते वाचायला सहा मीटरवर यावं लागलं तर ६/६०.

अधिक नंबरचं मूल मात्र या तक्त्यापुढं पास होतं. त्याचा डोळा लांबीला आखूड. पण लहान मुलाच्या डोळ्यातलं भिंग फार लवचिक असतं. स्नायू आवळून ते भिंगाला फुगवतं आणि चित्र जागेवर आणतं. समजा त्याचा नंबर अधिक चार आहे. फळा वाचायलाच त्याला चार नंबरांइतका जोर लावावा लागतो, पुस्तक वाचताना त्यावर आणखी तीन. आठ वर्षांच्या मुलाला तेवढा जोर लावता येतो, म्हणून तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा ते वाचून दाखवतं. तो जोर सलग तासभर टिकवणं मात्र त्याला जमत नाही. मग दहा मिनिटांत डोकं दुखतं, डोळे चोळले जातात, पुस्तक बाजूला पडतं. पहिली-दुसरीत अक्षरं टपोरी असतात, एका पानावर चार ओळी, तिथं निभावतं. चौथी-पाचवीत टाइप बारीक होतो, मजकूर वाढतो आणि 'आधी बरा होता, आता अभ्यासातून मन उडालं' अशी तक्रार सुरू होते. डोळ्यांत थेंब टाकून भिंगाचे स्नायू सैल केल्याशिवाय हा नंबर नीट मोजता येत नाही. दुकानातल्या यंत्रात हनुवटी टेकवून दोन मिनिटांत निघालेला लहान मुलाचा नंबर म्हणूनच प्रमाण मानू नये.

खरा घात करतो तो आळशी डोळा. एका डोळ्याचा नंबर शून्याजवळ आणि दुसऱ्याचा चार-पाच, किंवा एक डोळा तिरळा. अशा वेळी मेंदूकडं दोन न जुळणारी चित्रं येतात. मेंदू त्यातलं चांगलं ठेवतो आणि दुसऱ्याकडं काणाडोळा करतो. बैलजोडीतला एक बैल सगळं ओझं ओढायला लागला की दुसऱ्याची ओढायची सवयच मोडते, तसं हे. दोन्ही डोळे उघडे असताना अशा मुलाला सगळं स्वच्छ दिसतं, म्हणून घरात कुणाला पत्ता लागत नाही. वापरात नसलेल्या डोळ्यातून मेंदूकडं जाणाऱ्या वाटा मात्र तयारच होत नाहीत. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल या संशोधकांनी १९६० च्या दशकात मांजरीच्या पिल्लांवर हे दाखवून दिलं: जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळात एक पापणी बंद ठेवली, तर नंतर ती उघडूनही त्या डोळ्यानं पिल्लाला जवळजवळ दिसत नाही, कारण मेंदूतली त्या डोळ्याची जागा दुसऱ्यानं व्यापलेली असते. मोठ्या मांजराचा डोळा तितकाच काळ बंद ठेवला तर असं काही होत नाही. या कामासाठी त्यांना १९८१ चं नोबेल मिळालं. माणसाच्या पोरात हा नाजूक काळ साधारण सात-आठ वर्षांपर्यंतचा. त्यानंतर दार एकदम बंद होतं असं नाही, पण जड होत जातं.

म्हणून 'तिरळा डोळा भाग्याचा' किंवा 'मोठा झाला की आपोआप सरळ होईल' ही घराघरांत ऐकू येणारी वाक्यं मला फार महागडी वाटतात. जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत बाळाचे डोळे अधूनमधून हलतात, ते सोडून द्यावं. सहा महिन्यांनंतरही डोळा वाकडा दिसत असेल तर तो डॉक्टरला दाखवायलाच हवा, आणि तोही बारशात आलेल्या आत्याचा सल्ला घेण्याआधी.

आता उपचाराकडं. ऐकायला 'थेरपी' हा शब्द भारी वाटतो; आळशी डोळ्याची थेरपी म्हणजे मुख्यतः एक चष्मा आणि एक पट्टी. आधी योग्य नंबरचा चष्मा काही आठवडे नेमानं लावायचा. तेवढ्यानंच बऱ्याच मुलांची नजर सुधारते, काहींची तर पूर्ण. उरलेल्यांच्या चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून कमजोर डोळ्याला कामाला लावायचं. पूर्वी दिवसभर पट्टी बांधत. अमेरिकेतल्या बालनेत्रतज्ज्ञांच्या एका मोठ्या संशोधक गटानं २००३ मध्ये दाखवलं की मध्यम आळशीपणाला दिवसाचे दोन तास सहा तासांइतकेच उपयोगी पडतात, आणि तीव्र असेल तर सहा तास दिवसभराच्या बरोबरीचे. शाळेत पोरं चिडवतात, म्हणून संध्याकाळचे दोन तास घरी पट्टी लावणं हा त्यामुळं सरळ मार्ग झाला.

पट्टी चष्म्याच्या काचेवर चिकटवू नये, कातडीला चिकटणारी हवी. मुलं नाकाच्या बाजूनं डोकावतात, आणि डोकावणारच, कारण चांगला डोळा झाकला की त्यांना खरोखरच कमी दिसतं. पहिल्या आठवड्यात रडारड होते. याच दिवसांत बहुतेक आयांचा धीर सुटतो, पण नजर सुधारायची असेल तर पट्टी याच दिवसांत टिकवायला हवी. त्या दोन तासांत मुलाला नुसतं बसवून ठेवू नये. बारीक कामं द्यावीत. ज्वारी निवडणं, सुईनं मणी ओवणं, वहीतल्या चौकोनांत रंग भरणं, कॅरम. घरच्या आजीला हे डॉक्टरपेक्षा चांगलं जमतं. पट्टी अजिबातच टिकत नसेल तर चांगल्या डोळ्यात अ‍ॅट्रोपिनचे थेंब टाकून त्याची जवळची नजर तात्पुरती धूसर करतात. मध्यम आळशीपणात त्याचाही परिणाम पट्टीच्या तोडीचा असल्याचं आढळलं आहे, पण ते डॉक्टरच्या देखरेखीखालीच. आणि आठवं वर्ष उलटलं म्हणून हात टेकायचं कारण नाही. २००५ च्या अभ्यासात सात ते बारा वयाच्या, पट्टी आणि थेंब असे उपचार घेतलेल्या मुलांपैकी निम्म्यांच्या आसपास मुलांची नजर सुधारली. तेरानंतर मात्र हे प्रमाण झपाट्यानं खाली येतं.

दुसरी एक अडचण अशी, जिच्यात दोन्ही डोळे ६/६ असतात. नंबर नाही, तिरळेपणा नाही, तरी वाचता वाचता ओळ हलते, शब्द दुहेरी होतात, मूल एक डोळा मिटून वाचतं, बोट ठेवल्याशिवाय ओळ सापडत नाही. जवळचं बघताना दोन्ही डोळे आत वळून एकाच बिंदूवर यावे लागतात. ते नीट येत नाहीत, हा दोष. घरी अंदाज घेता येतो. पेन्सिलचं टोक मुलाच्या डोळ्यांसमोर हातभर अंतरावर धरा आणि सावकाश नाकाकडं आणा. बहुतेक मुलांना ते नाकापासून चार-पाच बोटांवर येईपर्यंत एकच दिसतं. ज्याला वीतभर अंतरावरच दोन पेन्सिली दिसायला लागतात, किंवा ज्याचा एक डोळा तिथंच बाहेर सटकतो, त्याला दाखवून आणावं.

याच्या व्यायामाचं एक साधन अगदी साधं आहे: साधारण दीड मीटर दोरी आणि तिच्यात ओवलेले तीन रंगांचे तीन मणी. दोरीचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधायचं, दुसरं नाकाला टेकवायचं. मधल्या मण्याकडं बघितलं की दोन्ही डोळे नीट जुळणाऱ्याला एका दोरीच्या दोन दोऱ्या दिसतात, त्या त्याच मण्यात फुलीसारख्या छेदतात आणि पुढचा-मागचा मणी दुहेरी दिसतो. फुली मण्याच्या पलीकडं पडली तर डोळे पुरेसे आत आलेले नाहीत. एक दोरी अर्ध्यात नाहीशी झाली तर मेंदूनं एक डोळा बंद केला आहे. नजर कुठं जुळते ते मुलाला स्वतःला दिसतं, हे या दोरीचं मोठेपण. मग एका मण्यावरून दुसऱ्यावर नजर नेत नेत डोळ्यांना वळण लावायचं. अमेरिकेत २००८ मध्ये नऊ ते सतरा वयाच्या २२१ मुलांवर झालेल्या चाचणीत, प्रशिक्षित माणसाच्या समोर बारा आठवडे व्यायाम आणि जोडीला घरचा सराव केलेल्या मुलांपैकी सुमारे ७३ टक्के मुलांना फायदा झाला. घरी नुसती पेन्सिल नाकाकडं आणण्याचा व्यायाम केलेल्यांत ४३ टक्क्यांना. खोटा, दिखाऊ व्यायाम दिलेल्यांतही ३५ टक्क्यांना फायदा झाला, ही गोष्ट विसरू नये.

कारण इथंच बाजार सुरू होतो. याच संशोधकांनी पुढं २०१९ मध्ये ३११ मुलांवर आणखी एक चाचणी केली आणि थेट प्रश्न विचारला: डोळे जुळायला लागल्यावर वाचलेलं जास्त समजायला लागतं का? उत्तर फारसं सुखद नव्हतं. डोळ्यांचा दोष सुधारला, पण वाचन-आकलनात खऱ्या आणि दिखाऊ व्यायामाच्या मुलांमध्ये फरक निघाला नाही. अक्षरं-उच्चार जोडण्यातच ज्यांना मुळात अडचण आहे, त्या डिस्लेक्सियाच्या मुलांबाबत तर २००९ मध्येच अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून सांगितलं होतं की हा दोष डोळ्यांचा नाही, आणि डोळ्यांचे व्यायाम किंवा रंगीत काचा त्यावर उपाय नाहीत. त्या मुलाला लागतो तो धीर धरून अक्षर-ओळख पुन्हा शिकवणारा शिक्षक. महाराष्ट्रात अशा विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळतात, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. तिथं खर्च व्हायचे पैसे आणि वर्षं रंगीत काचांवर घालवणं हे मुलाचं नुकसान आहे.

तेव्हा कुणी 'व्हिजन थेरपीनं टक्केवारी वाढवून देतो' असं म्हणालं तर उठून यावं. आपल्याकडच्या पालकांना हे सांगावं लागतं. काही वर्षांपूर्वी डोळ्यांवर पट्टी बांधून मुलं पुस्तक वाचतात असं दाखवणारे 'मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन'चे वर्ग गावोगावी हजारो रुपये घेत फिरत होते. अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं त्यांना जाहीर आव्हान दिलं. ती मुलं नाकाच्या बाजूच्या फटीतून बघत होती, आळशी डोळ्याची पोरं पट्टीतून डोकावतात तशीच. फरक एवढाच, की आळशी डोळ्याच्या पोरांना कुणी टाळ्या दिल्या नाहीत.

साध्या चष्म्याचा अभ्यासावर होणारा परिणाम मात्र पुराव्यानं सिद्ध आहे. चीनच्या गान्सू आणि शान्शी या गरीब भागांतल्या २५२ शाळांमध्ये चौथी-पाचवीच्या मुलांना मोफत चष्मे देऊन पाहिलं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षाअखेरीस चष्मा दिलेल्या मुलांचे गणिताचे गुण इतरांपेक्षा वाढले होते. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट आपल्या कामाची आहे: चष्मा फुकट मिळूनही निम्म्याहून कमी मुलं अखेरीस तो लावताना दिसली. आपल्याकडंही तो दप्तरातच राहतो. 'चष्म्यानं नंबर वाढतो' ही समजूत घट्ट आहे, आणि मुलीचा चष्मा म्हटलं की घरात लग्नाचा विषय निघतो. चष्मा लावल्यानं नंबर वाढत नाही. मुलाची उंची वाढते तसा डोळाही वाढतो आणि त्याबरोबर उणे नंबर वाढतो. चष्मा असो वा नसो.

हा उणे नंबर पुढं ढकलता येतो, पण घरात बसून नाही. चीनमध्येच ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं जास्तीची मोकळ्यावर काढायला लावली. तीन वर्षांनी त्यांच्यात उणे नंबर लागलेल्यांचं प्रमाण सुमारे ३० टक्के होतं, इतर शाळांत ते ३९ च्या वर. तैवाननं तर शाळांसाठी रोज १२० मिनिटं उजेडात काढण्याचा कार्यक्रमच आखला. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांकडं मैदान असतं आणि ऊन तर मराठवाड्यात मुबलक. सकाळच्या शाळेत पीटीचा तास गणितानं खाल्ला की तो डोळ्यांकडूनही वसूल होतो, एवढं मुख्याध्यापकांनी लक्षात ठेवलं तरी बरंच होईल.

मराठवाड्याची आणखी एक ओळख डोळ्यांशी जोडलेली आहे. लातूर जिल्ह्यातल्या रेणापूर तालुक्यातल्या माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात नेत्रशल्यचिकित्सक झाले, मोतीबिंदूच्या लाखाहून अधिक शस्त्रक्रियांसाठी त्यांचं नाव घेतलं जातं, २००८ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्यासारख्यांच्या आणि उदगीरच्या लायन्स नेत्र रुग्णालयासारख्या संस्थांच्या शिबिरांमुळं खेड्यापाड्यांत मोतीबिंदूची भीती गेली. पण त्यामुळंच की काय, नेत्रशिबिर म्हटलं की डोळ्यांपुढं आजी-आजोबाच येतात. मुलाला घेऊन शिबिराला कुणी जात नाही. आजोबांचा मोतीबिंदू वर्षभर थांबला तरी शस्त्रक्रियेनंतर बहुधा नजर परत मिळते. जन्मजात मोतीबिंदूचं बाळ वर्षभर थांबलं तर काच साफ झाली तरी नजर येत नाही, कारण मेंदू बघायला शिकलेलाच नसतो.

मुलांसाठी सरकारी व्यवस्था नाही असं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवातच महाराष्ट्रात, पालघरला, फेब्रुवारी २०१३ मध्ये झाली. त्याची फिरती पथकं असतात: दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका, एक औषधनिर्माता. त्यांनी अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलं तपासायची, संशयित मूल ग्रामीण रुग्णालयातल्या नेत्र चिकित्सा अधिकाऱ्याकडं किंवा जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडं पाठवायचं. पुढचे उपचार, शस्त्रक्रियेसह, मोफत. कागदावर चांगली योजना आहे आणि तिनं पुष्कळ मुलं वाचवलीही आहेत. पण शाळेच्या एका सकाळी शे-दीडशे पोरांचे दात, केस, वजन, हृदय आणि डोळे बघायचे असतात. ओळीत उभी राहिलेली पोरं पुढच्याचं ऐकून तक्ता पाठ करतात. डोळा तळहातानं झाकायचा असतो, ती बोटांनी झाकतात आणि फटीतून दोन्ही डोळ्यांनी बघतात. एकेका डोळ्याची तपासणी इथंच फसते आणि आळशी डोळा निसटतो. तपासणाऱ्यानं स्वतः पुठ्ठा धरला आणि 'ई' च्या दांड्या कुठल्या बाजूला आहेत ते बोटानं दाखवायला सांगितलं, तरी अर्धं काम होतं. दर मुलाला तक्ता फिरवला की पाठांतराचाही प्रश्न मिटतो.

दुसरी गळती ऊसतोडीची. मुखेड, कंधार, लोहा, जळकोट, अहमदपूर या भागांतली कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात ती उन्हाळा लागता परततात. पथक डिसेंबरात आलं तर त्या घरची पोरं फडावर असतात. हजेरीपटावर नाव, तपासणीच्या यादीत 'गैरहजर', आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. माझ्या मते या तालुक्यांतल्या शाळांची तपासणी जून ते सप्टेंबर या महिन्यांतच उरकायला हवी; त्यासाठी नवा निधी नको, फक्त वेळापत्रक बदलायला हवं. किनवट-माहूरकडं प्रश्न अंतराचा. नांदेडचं गुरु गोविंदसिंघजी स्मारक रुग्णालय किंवा विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तिथून शंभर किलोमीटरहून जास्त. पट्टीच्या उपचारात दर दोन-अडीच महिन्यांनी नजर मोजावी लागते. आईची मजुरी बुडते, एसटीचं भाडं लागतं, आणि तिसऱ्या खेपेला पोरगं येत नाही. पट्टीनं काम केलं नाही असा शेरा मग कागदावर पडतो.

दोन गोष्टी इथल्या म्हणून सांगायला हव्यात. मामाच्या मुलीशी किंवा नात्यातच सोयरीक करायची चाल या भागात अजून आहे. अशा घरांत पडद्याचे आनुवंशिक आजार आणि रंगहीनता जास्त आढळतात, आणि रातांधळेपणाची तक्रार तिथं नुसती 'जीवनसत्त्व अ'ची कमतरता समजून सोडू नये. उन्हाळ्यात डोळे लाल होऊन सतत चोळणारी मुलं, बहुधा मुलगेच, इथं खूप. हा अ‍ॅलर्जीचा आजार आहे. मेडिकलवरून आणलेले थेंब टाकले की आराम पडतो, कारण त्यात स्टिरॉइड असतं. ते महिनोन् महिने घातलं तर काचबिंदू होऊ शकतो. जुन्या चिठ्ठीवर थेंब देणाऱ्या दुकानदाराला आणि मागणाऱ्या बापाला, दोघांनाही हे माहीत नसतं.

सेरेब्रल पाल्सीच्या मुलांचं वेगळं. त्यांच्यातल्या काहींचे डोळे तपासणीत ठीक निघतात, तरी मूल चेहऱ्याकडं बघत नाही, कारण इजा मेंदूत झालेली असते. त्यांच्या थेरपीत काळ्या कापडावर एकच झगझगीत वस्तू ठेवतात, गर्दीची चित्रं टाळतात, थांबून वाट बघतात. अशा मुलाला बघायला वेळ लागतो. लातूरजवळ हरंगुळला या मुलांसाठी 'संवेदना' हे केंद्र आहे. अल्पदृष्टीच्या मुलांना समग्र शिक्षा अभियानातून मोठ्या अक्षरांची पुस्तकं मिळतात आणि गटसाधन केंद्रातले विशेष शिक्षक शाळेत येतात. मुख्याध्यापकांनी मागणी नोंदवली तर.

पालकांनी करायचं ते फार नाही. चार वर्षांच्या मुलाची दोन्ही डोळ्यांची वेगवेगळी तपासणी एकदा, पहिलीत जाण्याआधी पुन्हा एकदा. घरात कुणाला लहानपणी चष्मा किंवा तिरळेपणा असेल, मूल वेळेआधी जन्मलेलं असेल, तर चार वर्षांची वाट बघू नका. 'शाळेत तपासलं' यावर समाधान मानू नका. शाळेला विचारा, पथक कधी येणार आणि माझं मूल त्या दिवशी हजर होतं का. चष्मा मिळाला तर वर्गशिक्षकांना तसं सांगा, म्हणजे तो दप्तरातून डोळ्यांवर येतो. तपासणीत थेंब टाकले की औषधाप्रमाणे एक दिवसापासून आठ-दहा दिवसांपर्यंत जवळचं धूसर दिसतं आणि ऊन सहन होत नाही. म्हणून घटक चाचणीच्या आठवड्यात नेऊ नका. शाळा सुरू होण्याआधीचा जूनचा पहिला आठवडा त्यासाठी बरा. तेव्हा ऊसतोडीला गेलेली माणसंही गावात असतात.